आईची फाईल आईच्या हातात द्या

प्रश्न थोडक्यात असा: "आई ५४ वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी बायोप्सीत डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर दुसरी स्टेज म्हणतात. आईला आम्ही 'साधी गाठ आहे, काढावी लागेल' एवढंच सांगितलंय. गाव तासगाव तालुक्यात, बाबा द्राक्षबाग बघतात, घरी भाऊ-वहिनी, मी पुण्यात नोकरीला. आईला खरं सांगायचं का? मुंबईला न्यावं का? खर्चाचं काय? आणि हा आजार झालेल्या बायकांचे गट असतात म्हणे, ते कुठे सापडतात?"

ताई, चार प्रश्न विचारलेत, पण पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय बाकीच्या तिघांना हात घालता येत नाही. म्हणून तिथेच जास्त वेळ घालवणार आहे.

मी २३ वर्षं कॅन्सरच्या दवाखान्यात वैद्यकीय समाजसेविका आहे. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर माणसं ज्या बाकावर मटकन बसतात, त्या बाकाशेजारी माझं टेबल. "पेशंटला सांगू नका हं" हे वाक्य तिथे आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येतं. म्हणणारा मुलगा असतो, नवरा असतो, कधी भाऊ. मायेपोटीच म्हणतात सगळे. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पक्की शिकले: बाईला कळलेलं असतं.

खूप वर्षांपूर्वी एक बाई यायच्या. मुलांनी सांगितलं होतं, छातीत पाणी झालंय. मुलं औषधं आणायला गेली की त्या माझ्याजवळ येऊन बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "बाई, बाहेर एवढ्या मोठ्या अक्षरात कॅन्सर हॉस्पिटल लिहिलंय, मी काय आंधळी आहे? पण पोरांना सांगू नका मला कळलंय म्हणून. घाबरतील." म्हणजे पोरं आईला जपत होती, आई पोरांना जपत होती, आणि रात्री एकाच घरात सगळे वेगवेगळ्या कोपऱ्यात रडत होते. त्या घरात माणसांची कमी नव्हती. बोलायला मात्र कुणाला कुणी नव्हतं.

तुमच्या आईच्या बाबतीत तर हे लपवणं नुसतं जड जाणार नाही, नुकसानही करेल. दुसऱ्या स्टेजला बऱ्याच बायकांपुढे खरोखरच निवड असते: पूर्ण स्तन काढायचा, की गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग तेवढा काढून पुढे रेडिएशन घ्यायचं. "काढूनच टाका, नंतर कटकट नको" असं घरातले पुरुष चटकन म्हणून जातात. इटलीतल्या मिलानमध्ये उम्बेर्तो वेरोनेसी या सर्जननी ७०१ बायकांवर केलेल्या अभ्यासाचा २० वर्षांचा पाठपुरावा २००२ साली प्रसिद्ध झाला. लहान गाठ असलेल्या, स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. गाठ किती मोठी, कुठे आहे, एक की अनेक, रेडिएशनला जाणं-येणं जमतंय का, यावर डॉक्टर पर्याय सांगतील. पण पर्याय असेल तर तो निवडणार कोण? शरीर तिचं आहे आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही तिची लागणार आहे. "साधी गाठ" म्हणून सही घ्यायची आणि शुद्धीवर आल्यावर तिने पदराखाली हात घालून बघायचं, हे मी पाहिलंय. पुन्हा बघायचं नाही.

सांगायचं कसं, ते सांगते. घरभर माणसं जमवू नका. तुम्ही आणि बाबा, किंवा ज्याच्याजवळ ती मोकळी होते असं एक माणूस. दुपारची जेवणं उरकल्यावरची वेळ बरी. रात्री सांगाल तर ती रात्रभर जागी राहील. सुरुवात प्रश्नाने करा: "आई, तुला काय वाटतंय, काय झालं असेल?" दहातल्या आठ बायका इथेच आजाराचं नाव घेतात. तिने घेतलं की तुम्ही फक्त "हो" म्हणायचं. मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. "काही होत नाही गं, आजकाल सगळे बरे होतात" हे लगेच म्हणू नका. त्याने तिला घाबरण्याची सोयच राहत नाही. ती रडली तर रडू द्या. पुढचं काय, कधी, किती, ते डॉक्टरांनीच तिला समोर बसवून सांगावं. तुम्ही फक्त डॉक्टरांना आधी कळवा की आम्ही आईला सांगितलंय, आता तिच्याशी बोला. आणि ती म्हणाली, "मला फार खोलात सांगू नका, तुम्ही बघा," तर तेही मान्य करा. आपण न सांगणं आणि तिने न विचारणं यात फरक आहे. दुसरा हक्क तिचा आहे.

मग फाईल तिच्या हातात द्या. खरीखुरी फाईल. आमच्याकडे फाईल बहुतेक वेळा मुलाच्या काखेत असते आणि बाई मागून चालते. फाईल तिच्या मांडीवर आली की डॉक्टरही तिच्याकडे बघून बोलायला लागतात. गंमत वाटेल, पण करून बघा.

फाईलमधला एक कागद समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतील. पहिल्या दोनपैकी एक जरी पॉझिटिव्ह असेल तर गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी आहे, आणि तिच्यासाठी रोजची गोळी असते, पाच वर्षं तरी. हर-टू तीन-प्लस असेल तर ट्रॅस्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन असतं, साधारण वर्षभर दर तीन आठवड्यांनी. दोन-प्लस असेल तर निकाल लागलेला नाही, फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते; ती राहून गेली नाही ना, एवढं नक्की विचारा. तिन्ही निगेटिव्ह असतील तर केमोवर भर. हे मी अशासाठी सांगतेय की शेजारच्या काकूंना केमो लागलीच नव्हती आणि आईला का लागतेय, असा वाद घरोघरी होतो. दोघींचा आजार एका नावाचा, पण जात वेगळी. केमो आधी की ऑपरेशन आधी, हेही यावरून आणि गाठीच्या आकारावरून ठरतं. केमो आधी दिली म्हणजे ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय, असं समजू नका.

"सुई लावली म्हणून पसरला" हे गावात कुणी ना कुणी म्हणणारच. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. या एका गैरसमजापायी बायका सहा-सहा महिने गाठ घेऊन घरी बसतात.

आता मुंबई. टाटा मेमोरियल १९४१ पासून परळला उभं आहे आणि त्याच्याबद्दल लोकांना वाटतो तो विश्वास खोटा नाही. पण दुसऱ्या स्टेजच्या स्तनाच्या कॅन्सरचे नेहमीचे उपचार आज मिरज, कोल्हापूर, पुणे, बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही होतात. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून देशभरातल्या रुग्णालयांचं जाळं आहे. उपचारांची पद्धत सगळीकडे सारखी असावी, हाच त्याचा एक हेतू. माझं मत विचाराल तर मत घ्यायला मुंबईला जा, केमो घ्यायला जाऊ नका. आठ केमो दर २१ दिवसांनी धरल्या तरी जवळजवळ सहा महिने होतात. सहा महिने परक्या गावात, खोलीचं भाडं भरत, बाबा बागेत आणि आई परळच्या फुटपाथकडे बघत, हे माणसाला आजाराहून जास्त खचवतं. मिरज तुम्हाला रोज जाऊन यायच्या अंतरावर आहे. रेडिएशनच्या वेळी याचं मोल कळेल. ते हल्ली बऱ्याच जणींना १५ वेळा, आठवड्यातले पाच दिवस, असं तीन आठवडे देतात.

मत घ्यायला जाणार असाल तर एक काम आधी करा. नुसते कागद नेऊ नका. बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा, लॅबमधून मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते स्वतः पुन्हा तपासतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा सुई, पुन्हा आठवडा. ब्लॉक तुमच्या आईचा आहे, लॅब सही घेऊन देते. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन यांची नावं लिहून ठेवा. बाहेरगावच्या पेशंटची किती वर्षांची सोय या जागांनी केली आहे, त्याला गणती नाही. जागा मिळायला रुग्णालयाचं पत्र लागतं, ते तिथल्या समाजसेवा विभागातून मागा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सूट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

पैशाबद्दल एवढंच: पहिलं बिल भरायच्या आधी आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी मंजुरी, मग उपचार, असा तिचा क्रम आहे; खिशातून भरलेले पैसे मागाहून मिळतील या आशेवर राहू नका. रेशनकार्ड आणि आधार यांवर आईचं नाव एकसारखं आहे का, ते आजच बघा. माहेरचं नाव एकावर, सासरचं दुसऱ्यावर, अशी अडकलेली प्रकरणं मी रोज सोडवते. कोणती औषधं पॅकेजमध्ये बसतात आणि कोणती बाहेरून आणावी लागतील, हे लेखी विचारा. योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयांत गरीब आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात, आणि मुख्यमंत्री सहायता निधी आहे. हे सगळं एकट्याने धावत करू नका, रुग्णालयाच्या समाजसेविकेला गाठा. आम्ही त्यासाठीच बसलोय.

आता आधाराचं. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य आपल्याकडे फार बोललं जातं. ते म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण आजारी बाई कधीच काही सांगत नाही. आयुष्यभर तिने दुसऱ्याला काय लागतं ते बघितलेलं असतं. म्हणून आधार वाटून द्यावा लागतो, नावानिशी, वारानिशी. रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार? एकाचं नाव लिहा, त्याला सांगा, आणि त्याच्या गाडीत पेट्रोल आहे ना ते बघा. गंमत करत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली जातात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, फाईल घेऊन थेट रुग्णालय. थर्मामीटर घरात हवा, आणि तो वाचता येणारं माणूस त्या आठवड्यात रात्री घरी हवं. माझ्या हिशेबी हा पहिला आधार. बाकीचे नंतर.

तुम्ही पुण्याहून येणार ते केमोच्या दिवशी, असं ठरवलं असेल. बदला. केमोच्या दिवशी मळमळ होऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात, त्याने बाई उलट तरतरीत असते, गप्पा मारते. तुम्ही समाधानाने पुण्याला परत जाता आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कोसळते: अंग दुखणं, तोंडाची चव जाणं, उगाच रडू येणं. सुट्टी त्या दिवसांची घ्या. त्या दिवसांत फोडणीचा वास नको वाटतो, म्हणून स्वयंपाक मागच्या पडवीत किंवा शेजारी. मऊ खिचडी, ताक, नाचणीची आंबील, उकडलेलं अंडं, जे जाईल ते, थोडं-थोडं. साखर बंद, दूध बंद, गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस असलं काही सुरू करायला लोक सांगतील. केमोत बाईचं वजन टिकणं महत्त्वाचं आहे, आणि पाल्याच्या रसाने लिव्हर बिघडून केमो पुढे ढकललेल्या बायका मी बघितल्या आहेत. वैद्यांचं काही घ्यायचंच असेल तर डॉक्टरांपासून लपवून नको. फळं घरी धुऊन, सोलून. तासगावात राहून द्राक्षाला नाही म्हणणं अवघड आहे, पण फवारणीचं तुम्हाला मी काय सांगू. त्या पंधरवड्यात द्राक्षं नकोतच.

काही केमोत लाल रंगाचं औषध असतं. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई रक्त समजून हादरते.

केसांबद्दल जरा थांबून बोलते, कारण घरचे "केस काय, परत येतील" म्हणून हा विषय उडवून लावतात. येतात परत, खरं आहे. उपचार संपल्यावर काही महिन्यांत. पण पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीवर पुंजके दिसायला लागतात तेव्हा आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या बाईला नुसतं सौंदर्य गेल्यासारखं वाटत नाही. बोडकं डोकं म्हणजे काय, हे तिने आजीच्या, पणजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. नवरा समोर असताना डोक्यावर केस नाहीत, हे तिला अशुभ वाटतं, आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नाही. एका बाईंनी मला सांगितलं होतं, "आरशात मला माझी आत्या दिसते." म्हणून केस आधीच बारीक कापून घ्यायचे का, ते तिला विचारा, कापायचे ठरले तर घरातच, वहिनींच्या हातून, तिच्या वेळेला. टोप हवा की स्कार्फ की नुसता पदर, तिने ठरवायचं. भुवयाही विरळ होतात. कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावायला लागलेल्या बायका मी पाहिल्यात. छान दिसतं.

आणि हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही तर तुम्ही स्वतः घरी घाला. आजार लागत नाही. सोबत जेवून, कपडे एकत्र धुऊन, एका खोलीत झोपून कॅन्सर कुणाला होत नाही. हे बाबांनाही वेगळं, एकट्यात सांगा. आमच्याकडे नवरे उपचारांच्या काळात गुपचूप बाहेरच्या खोलीत झोपायला जातात. कुणाला लागण होईल असं वाटतं, कुणाला तिला दुखेल अशी भीती असते. बायको मात्र त्याचा एकच अर्थ लावते: आता मी नकोशी झाले. दोघं कधीच बोलत नाहीत. बाबांना बसवून "आईजवळ बसा" म्हटलं तर ते संकोचतील. त्यांना काम द्या. ऑपरेशननंतर बगलेत नळी राहते, तिच्या बाटलीत रोज किती पाणी जमलं ते मोजून लिहायचं असतं. ज्या माणसाने आयुष्यभर बागेतल्या ड्रिपचं पाणी मोजलं त्याला हे जमतं. आणि ते मोजताना तो बायकोच्या जखमेकडे बघतो. तिलाही दिसतं की त्याने नजर वळवली नाही. ऑक्टोबर छाटणी आणि केमो एका वेळेला आल्या तर त्यांची ओढाताण होईल. छाटणीच्या तारखा डॉक्टरांना सांगा. एखादा दिवस इकडे-तिकडे करता येतो का, ते विचारण्यात काही चूक नाही. तो जमेल का, ते डॉक्टर ठरवतील.

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताची काळजी तिला कायमची घ्यावी लागेल. बगलेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या की त्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो. घट्ट बांगड्या दुसऱ्या हातात घालायच्या, बागेत काम करताना हातमोजे, काटा लागला तर लगेच धुऊन औषध, आणि हात लाल, गरम, सुजलेला दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं. व्यायाम टाळायचे नाहीत. भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं, वेणी घालायचा प्रयत्न करणं. फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या दिवसापासून. दुखतं म्हणून बायका हात पोटाशी धरून बसतात, खांदा आखडतो, आणि मग रेडिएशनला हात डोक्यावर घेऊन झोपायचं असतं तेव्हा घेताच येत नाही. स्तन काढावा लागला तर ब्लाउजच्या आत घालायचे हलके, सुती धाग्याने विणलेले स्तन मिळतात. काही बायका स्वयंसेवेने विणून मोफत देतात. रुग्णालयात चौकशी करा. डाव्या बाजूला पदर असल्यामुळे साडीत फारसं कळत नाही, पण तिला स्वतःला कळतं, आणि एका बाजूचं वजन गेलं की पाठही दुखते.

गटांचं आता सांगते. १९५२ साली न्यूयॉर्कला टेरीस लॅसर नावाच्या बाईंनी स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर तसंच ऑपरेशन झालेल्या इतर बायकांना जाऊन भेटायला सुरुवात केली. रीच टू रिकव्हरी नावाने ते काम पुढे जगभर गेलं. कल्पना अगदी साधी: ज्या बाईने हे सोसलंय तीच पलंगाशेजारी येऊन बसते. आपल्याकडेही आहे. मुंबईत व्ही केअर, इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, संजीवनी. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन. काहींचे स्वयंसेवक रुग्णालयातच भेटतात, काही फोनवरही बोलतात. पण तुमच्या आईसाठी मी आधी दुसरं काहीतरी सुचवेन. मुंबईच्या गटात ती कोपऱ्यात बसून राहील. मिरजेत उपचार घेताय तिथल्या समाजसेविकेला किंवा सिस्टरना विचारा: आईच्याच वयाची, आसपासच्या गावातली, उपचार संपून दोन-तीन वर्षं झालेली कुणी फेरतपासणीला येते का? तिची परवानगी घेऊन ते भेट घालून देतील. आम्ही नेहमी घालतो. गट नको, एक बाई पुरे. त्या दोघी चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटं बोलतील ते मी २३ वर्षांच्या अनुभवाने नाही बोलू शकत. ती बाई आपला पुन्हा आलेला अंबाडा सोडून दाखवते. मी काय दाखवणार?

व्हॉट्सॲपच्या गटांत मात्र जपून. धीर मिळतो, खरं आहे; पण दुसरीचे डोस आणि रिपोर्ट आपल्याशी ताडून बघायची सवय लागते, आणि कुणीतरी पावडर विकणारा हळूच शिरतोच. गटातली एखादी बाई गेली की त्या रात्री सगळ्या जाग्या असतात. आईला सोसवत नसेल तर बाहेर पडायला लाजू नका.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कुणाशी बोलत नाही, "आता कशाला ते उपचार" म्हणते, असं दिसलं तर तो नुसता आजाराचा थकवा नसेल. डॉक्टरांना सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन मराठीतून बोलतो, आणि तो वहिनींसाठीही आहे. सहा महिने घरातलं सगळं त्यांच्या अंगावर पडणार आणि येणारे-जाणारे आईचीच चौकशी करणार. महिन्यातून दोन दिवस त्यांना माहेरी पाठवा, तुम्ही येऊन राहा.

शेवटचं रेडिएशन झाल्यावर सगळे पेढे वाटतात, आणि नेमकं तेव्हा पुष्कळ बायका माझ्याकडे येऊन रडतात. इतके दिवस तारखा होत्या, सिस्टर होत्या, विचारणारं कुणीतरी होतं. आता घरी सगळे म्हणतात, झालं ना बरं, लाग कामाला. अंगात त्राण नसतं, आणि पाठ दुखली तरी मनात येतं, परत आला का? तीन-चार महिन्यांनी फेरतपासणी असते, त्याआधीचा आठवडा फार वाईट जातो. त्या आठवड्यात घरी या. गोळी लागली असेल तर ती रोज घेतली जातेय ना ते बघा. सहा-आठ महिन्यांनी "आता बरी आहे" म्हणून, किंवा अंगातून वाफा येतात, सांधे धरतात म्हणून ती बंद करणाऱ्या बायका खूप. त्रास डॉक्टरांना सांगितला तर गोळी बदलता येते. काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, त्यासाठी हाडांची तपासणी विचारा.

आणि ताई, तुम्ही विचारलं नाहीत, पण आईला झाला म्हणजे तुमचाही धोका इतर बायकांपेक्षा थोडा जास्त आहे. घाबरायचं कारण नाही, बहुतेकींना तो आईकडून आलेला नसतो. पण रिपोर्टमध्ये तिन्ही निगेटिव्ह निघालं, किंवा आईच्या वा बाबांच्या घरात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. तुमची मॅमोग्राफी कधीपासून, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. मावश्यांची, आत्यांची नावं आणि आजार आईलाच आठवत असतील. शनिवारी तिच्याशी बोलून झालं की रविवारी तिच्यासोबत बसून ती यादी करा. कागद तिच्याच फाईलमध्ये लावा.